बहिरेपणाच्या वेशीवर

भाषांतराला बसण्याआधी गौहरआपा ज्याचा कागद असेल त्याला बघून येतात. पार्थला ते जरा जास्तीचं वाटायचं.

आपांनी नगरच्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले. यंत्रं जर्मन, त्यांची पुस्तकंही जर्मन. एकदा कुणीतरी पुस्तकातलं एक वाक्य उलटं समजून घेतलं आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. त्याच आठवड्यात आपांनी जर्मनची पहिली वही उघडली. आता त्या निवृत्त होऊन राहात्यात असतात. शिलाई मशीनवर फळी टाकली की त्यांचं टेबल होतं. साहित्यात एम.ए. झालेला पार्थ दोन वर्षं त्या फळीशी बसून जर्मन शिकत होता.

त्या सोमवारी पेरूची बाग असलेले कल्याणभाऊ आले. हातात मुलीच्या कानाचा अहवाल होता.

"संस्कृती तीन वर्साची झाली, आपा. ऐकत न्हाई. जर्मनीची एक संस्था आपरेशन करून देती म्हणं. कागद त्यांच्या भाषेत पायजे. बुधवारपर्यंत."

अहवाल इंग्रजीत होता. बहिरेपणाच्या आधी डॉक्टरांनी एक विशेषण लिहिलं होतं: प्रोफाउंड, म्हणजे गहन, खोल. हा शब्द पार्थने कवितांबद्दल लिहिताना शंभरदा वापरला होता. दोन मिनिटांत त्याने जर्मन शब्द लिहून दिला, टीफग्रुंडिश.

आपांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे पुस्तकाला म्हणतात. पोरीच्या कानात कसले खोल विचार?"

"मग नुसतं टीफ?"

"ते विहिरीला."

पार्थने शब्दकोश उघडला. होखग्राडिश, म्हणजे फार जास्त. तो खूश झाला. आपांनी शब्दकोश मिटला आणि चपला घातल्या.

"पोर कुठंय, कल्याणभाऊ?"

संस्कृती बागेत गोणपाटावर बसून पेरूंची रांग लावत होती. आपा तिच्या मागे जाऊन बसल्या. टाळी वाजवली. काही नाही. ताटलीवर चमचा वाजवला. काही नाही. मग त्यांनी पत्र्याचा रिकामा डबा वर धरून त्यावर खुरपं हाणलं. झाडांतले पोपट उडाले. पार्थचेच कान वाजले.

पेरू ठेवता ठेवता मुलीचा हात थांबला. क्षणभरच. मग पुन्हा रांग सुरू.

"पार बहिरी लिहून टाका आपा," कल्याणभाऊ हळूच म्हणाले. "दया तरी यील त्यांना."

"हात थांबला की तिचा."

"तेवढ्यानं काय हुतंय?"

"तिथं पुन्हा तपासतील. खोटं निघालं तर सगळंच गेलं. आणि जे थोडं शिल्लक हाय, ते मी कशी पुसू?"

घरी येऊन त्यांनी जर्मन डॉक्टरांचा बहिरेपण मोजायचा तक्ता शोधून काढला. अहवालात पंच्याण्णव डेसिबल लिहिले होते, म्हणजे त्याहून हलका आवाज तिला ऐकूच येत नव्हता. होखग्राडिशचा खाना ऐंशीला संपत होता, आणि अर्जावर लिहिल्याप्रमाणे संस्था फक्त त्याच्या पुढच्या खान्यातली मुलं घेत होती.

पार्थ तक्त्याकडे बघत राहिला. आपा बागेत गेल्या नसत्या, तक्ता शोधला नसता, तर त्याच्या शब्दानं संस्कृतीचा अर्ज दारातूनच परत आला असता. शब्दकोशात तर तो बरोबर होता.

पुढच्या खान्यात एक नव्हे, तीन शब्द होते. आन टाउबहाइट ग्रेंत्सेंट.

"मराठीत कसं सांगाल?" पार्थने विचारलं.

"बहिरेपणाच्या वेशीला टेकलेली. वेशीवर उभी हाय पोर. आत गेली न्हाई अजून."

त्यांनी ते तीन शब्द लिहिले, शेजारी आकडा लिहिला, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तीनदा वाचलं. मंगळवारी दुपारी कागद गेले.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. कल्याणभाऊ मुलीला घेऊनच आले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. आत या म्हटलं, तर मुलीला आत सोडून ते तिथंच थांबले. आपांनी पत्र मनात वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. पार्थला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

मग त्या खुर्चीवरून उतरून जमिनीवर संस्कृतीच्या समोर बसल्या. तिची हनुवटी हलकेच वर केली, आपले ओठ तिला नीट दिसतील असं बघितलं, आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या,

"तुला बोलावलंय."

मुलगी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मागे कल्याणभाऊंनी चौकट धरली.