आत्याचा मार

माझी आत्या आधी मारायची आणि मग विचारायची. हात, उलथनं, लाटणं, चुलीतलं लाकूड, हाताशी येईल ते. मी वाढवून सांगत नाही. आकडेमोडीत सगळी नोकरी काढलेल्या माणसाला ती सवय नसते. रेशनच्या रांगेत पुढे घुसलेल्या एकाला तिने रिकाम्या डब्याने असं हाणलं की त्याचा दात तिच्याच डब्यात पडला. तो तिने उचलून त्याच्या हातावर ठेवला. "घे. आमाला दुसऱ्याचं काय नगं."

तिचं सासर उर्शाला होतं. नवरा दारू पिऊन मारायचा. एकदा त्याने तिला चुलीवर ढकललं, तेव्हा तिने मुसळ उचललं, त्याचा उजवा हात मोडला आणि भाजलेल्या पाठीने चालत लोणावळ्याजवळ तुंगार्लीला धाकट्या भावाकडे आली. "माजी मार खायची पाळी सपली," एवढंच म्हणाली. तो भाऊ म्हणजे माझे वडील, दादा. माझी आई मी लहान असतानाच वारली होती. त्या दिवसापासून चूल आत्याकडे आली आणि आम्हा दोघांचे गालही.

दादा तुंगार्लीच्या एका बंगल्यावर माळी होते. आमचं मूळ वरच्या डोंगरातल्या वाडीचं. तिथे नाचणी आणि वरईवर पिढ्या गेल्या. भात पिकला तरी तो बाजारात जायचा. बंगल्यावरचा स्वयंपाकी दुपारी दादांना पॉलिशचा पांढराशुभ्र भात वाढायचा, आणि तो भात म्हणजे दादांना आयुष्यात वर आल्याची खूण वाटे. आत्याने नाचणीची भाकरी पुढे ठेवली की ते ताट सरकवायचे. "नाचणी खाऊन बाप मेला. मी भात खाऊन मरीन."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दादांची तहान भागेना. मोरीत लघवीला मुंग्या लागू लागल्या. लोणावळ्याच्या बाजारातल्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, गोळ्या दिल्या आणि साखर बंद केली. दादांनी त्याच दिवशी चहातली साखर सोडली आणि पोट भरावं म्हणून भात दुप्पट केला. आमच्याकडे कुणालाच त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. भात काही गोड लागत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर चिडले. "अहो, भाताचीही पोटात साखरच होते. नाचणी, सालासकट वाल, मेथीची भाजी, कोंडा न काढलेलं पीठ, हे पोटातून घाट चढणाऱ्या मालगाडीसारखं जातं. साखर रक्तात हळूहळू उतरते. तुमचा पॉलिशचा भात म्हणजे मेलगाडी. थांबतच नाही. परसाकडला होतं का रोज?"

आत्याने उत्तर दिलं, "कुटलं व्हतंय! चार चार दिस कुंथतो न् आमच्यावर खेकसतो."

"नाचणी आणि भाजीने तेही सुधारेल."

"सुदरंल कसा न्हाई," आत्या म्हणाली. दादांनी माझ्याकडे पाहिलं. या सुधारण्याला पुढे काय जोडलेलं आहे, ते आम्हा दोघांना कळलं होतं.

तेव्हा साखर लघवीतून तपासत. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं होत गेलं तर साखर. विटकरी झालं तर फार. मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो, मोजमाप माझ्याकडे आलं. जेवणानंतरची लघवी हवी होती आणि दादा दुपारी बंगल्यावर जेवत, म्हणून संध्याकाळी ते येताना बाटली घेऊन येत. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण रंग येत होते.

पहिल्यांदा नळी विटकरी झाली तेव्हा तिने तव्यावरचं उलथनं दादांच्या खांद्यावर दिलं. कातडं चर्रकन वाजलं. दादांनी वळून तिच्या तोंडात मारली; ओठ फुटला. ती रक्त थुंकली, पदराने तोंड पुसलं आणि भाकरी ताटात आपटली. "खा. न्हाईतर नरड्यात कोंबीन." मग खांद्याला खोबरेल लावायला तीच बसली. "लय भाजलं का रं?" "न्हाई. तुजा ओठ?" "मरू दे त्याला."

असं बरेच दिवस चाललं. पिवळ्या रंगाला शिव्या, विटकरीला मार. आळीतली माणसं आमच्या घरातल्या आवाजावरून दादांची साखर ओळखत. पण भाकरी, वाल, मेथी पोटात जात होतीच, आणि दादांचं पोट सकाळी साफ होऊ लागलं, चेहरा उतरला होता तो भरला. आता वाचतो की आतड्यातले सूक्ष्म जंतू असल्याच चोथ्यावर जगतात आणि त्याचा साखरेशीही संबंध असतो. आम्हाला तेव्हा इतकंच दिसलं की नळी हिरवी येऊ लागली, मग निळी, आणि निळीच राहिली.

आत्या हरखली. "माजा भाव बरा झाला," आळीभर सांगून आली. बंगल्यावर दुपारी ते काय जेवतात, हे आता ती विचारीनाशी झाली.

मग घरात वास येऊ लागला. आत्याने आधी मेलेला उंदीर शोधला. एका संध्याकाळी दादा बाटली माझ्या हातात देऊन बसले आणि गमबूट काढेनात. आत्याने त्यांचा एक पाय धरून बूट ओढला. बुटाबरोबर फडकं निघालं, फडक्याबरोबर कातडं. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. बागेत खुरपं लागलं होतं, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं.

मी टांगा आणला. डॉक्टरांनी तिथल्या तिथे लघवी घेऊन तपासली. नळी विटेसारखी लाल झाली. घरून आणलेल्या बाटलीतली निळी राहिली.

"ही कुणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

दादा जमिनीकडे पाहत म्हणाले, "शेजारच्या बंगल्यातल्या माळ्याची."

"म्हणजे भात चालूच होता? आणि हा पाय? का लपवलंत?"

"आक्का मारती."

डॉक्टरांनी आत्याकडे पाहिलं. तिचा हात सवयीने वर गेला होता. तो क्षणभर तसाच राहिला आणि मग तिने तो स्वतःच्याच तोंडावर मारला. पुन्हा मारला. पुन्हा. नाकातून रक्त आलं तरी थांबेना. मी आणि कंपाउंडरने मिळून तिचे हात धरले.

पुण्याच्या इस्पितळात दादांचा पाय गुडघ्याखाली कापला. दुसरा वाचवायचा असेल तर साखर आवरा, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

घरी आल्यावर आत्या बदललेली होती. भाकरी करायची, वाढायची, बाजूला बसायची. कुणावर हात नाही, शिवी नाही. घर इतकं शांत झालं की शेजारीण विचारून गेली, "मावशी आजारी हायेत काय?" दादा तिला डिवचायचे. भाजी सांडायचे, गोळी विसरायचे. ती सांडलेलं पुसायची, गोळी आणून द्यायची.

एके दिवशी दादा म्हणाले, "आज भात कर. पांढरा."

मी आत्याकडे पाहिलं. ती उठली, तांदूळ आणून धुतले, भात शिजवला आणि वाफाळता ढीग त्यांच्या पुढ्यात ठेवला.

दादा त्या ढिगाकडे बघत राहिले. "खाऊ?"

"खा."

"आक्के, खाऊ म्हनतो."

"तुजा पाय हाय. मी काय सांगू?"

"मार की!"

"न्हाई मारायची."

"मार ना गं! मुडदे, हात मोडला का तुजा?"

ती पदर तोंडात कोंबून बसली होती. दादांनी ताट उचललं आणि असं भिरकावलं की ते दाराच्या चौकटीवर आदळून अंगणात गेलं, भिंतीला भात चिकटला.

"आन तुजी ती काळी भाकर!" दादा ओरडले. गाल ओले झाले होते. "रोज आन. मागिटलं तरी दुसरं देऊ नगंस."

आत्या उठली. अंगणातल्या भाताला कोंबड्या लागल्या होत्या, तिकडे तिने पाहिलंही नाही. परातीत नाचणीचं पीठ घेतलं आणि दोन्ही हातांनी मळायला बसली.