जपानी कपाच्या तळाचे लेबल

ती केस आठवली की मी आजही गोंधळतो. चोरी झाली होती की नाही, हेच मला शेवटपर्यंत कळत नव्हते.

बोरीवलीच्या गावठाणातल्या एका ख्रिस्ती विधवा आंटीने आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली. नवऱ्याने जहाजावर नोकरीला असताना जपानहून आणलेला चहाचा सेट घरातून गेला होता. संशय एकीवरच, वीस वर्षे घरकाम करणाऱ्या बाईवर.

"सामानाला हात लावणारी तीच," आंटी म्हणाली. "आणि लिहा, पाच कपांत जपानी पोरगी हाय, सहाव्यात नाय. तो नंतर आणलेला."

वयाचा परिणाम, असे समजून मी ते लिहिलेच नाही. कामवालीला रोज सकाळी ठाण्यात बोलावून बाकावर बसवले. ओरडलो, टेबल आपटले. माझा स्वभावच तसा. तिचा जबाब एकच, "मी नाही घेतला, साहेब."

चौथ्या दिवशी खबऱ्याने सांगितले, घाटकोपरला जुन्या वस्तूंच्या दुकानात असा सेट आलाय. साध्या वेशात गेलो. कपांवर उठावाचे राखाडी ड्रॅगन, तळाला जपानी शिक्का. दुकानदार अठरा हजार म्हणाला. मी बापाच्या भाजीच्या गाडीवर वाढलेला, दोन म्हणालो. तो थेट चारवर आला. इतक्या लवकर उतरणाऱ्याला माल विकायचा नसतो, घालवायचा असतो.

पंच बोलावून सेट जप्त केला, दुकानदारालाही ठाण्यात आणले. प्रत्येक नगावर पंचांच्या सह्यांचे लेबल लावावे लागते. उठावाच्या नक्षीवर कागद चिकटेना, म्हणून मी लेबले तळाला लावली.

आंटीने ठाण्यात एकेक कप खिडकीकडे धरला, आत डोकावून खाली ठेवला. "माझे नाय हे. पोरगी कुठाय?"

दुकानदार हसला. "साहेब, असे सेट बाजारात ढिगाने आहेत. निघू मी?"

माझे डोके चालेना. सेट तिचा नव्हता, तर हा चारवर का आला? आणि बाकावरच्या बाईला सोडू कशी?

कप पेटीत भरताना दमट हवेने एकाचे लेबल सुटले. चिकटवायला मी तो उजेडाकडे धरला, तर तळातून अंबाडा घातलेल्या मुलीचा चेहरा वर आला. तिथे चिनीमाती इतकी पातळ असते, की चित्र उजेडातच दिसते. आमच्या लेबलांनी उजेडच अडवला होता. अशा चेहऱ्याने सेटची किंमत वाढते, आणि तरी भाव करताना दुकानदाराने तो मला दाखवला नव्हता. म्हणजे त्याने कप उजेडाकडे धरून पाहिलेच नव्हते.

"किती कपांत चेहरा आहे?" मी त्याला विचारले.

"सहाच्या सहा. असतोच, साहेब."

पंचांसमोर सगळी लेबले काढली. पाच कपांत मुलगी, सहावा कोरा.

मग तो बोलला. आंटीचे जुने लाकडी कपाट त्याने विकत घेतले होते. खालच्या खणात टॉवेलात गुंडाळलेला सेट मिळाला, तो त्याने ठेवून घेतला. तिथे तो आंटीनेच लपवला होता, कामवालीपासून, आणि नंतर ती ते विसरली होती. घरातून अलीकडे काय काय बाहेर गेले, हे मी विचारलेच नव्हते. कलम चोरीचे की अपहाराचे, यावर ठाण्यात संध्याकाळपर्यंत वाद चालला.

"जा ताई, सुटलात," मी कामवालीला म्हणालो.

ती उठली नाही. "चार बिल्डिंगींत माझी कामं होती. आता वॉचमन आत सोडत नाहीत. तुम्ही ड्रेसवर या आणि सांगा."

"दोन ठिकाणी येतो."

"चार."

"बरं, तीन. चौथीकडे फोन करतो."

"चार, साहेब."

गेलो. तीन बिल्डिंगींत तिला परत घेतले. चौथीत मॅडम म्हणाल्या, "पोलीस घेऊन आली ना? मग नकोच."

वर मला मेमो मिळाला: गणवेशात, विनापरवानगी, खासगी कामासाठी फिरणे. लेबलांबद्दल एक शब्द नाही, बाकावरच्या चार दिवसांबद्दलही नाही. तो मेमो निवृत्तीनंतरही सलतो.

त्या केसनंतर मी संशयिताला बसवण्याआधी घरातून काय बाहेर गेले, ते विचारत आलो. पण ती चौथी बिल्डिंग मनातून जात नाही. मी तीन म्हणालो होतो, आणि तिच्या हातात तीनच पडल्या. मी जिंकलेला तेवढा एकच सौदा मला नको होता.