शनिवारचं गार मटण

चहा आधी संपवून घ्या. मागे हा किस्सा सांगताना आमच्या साडूला असा ठसका लागला की पाठीत गुद्दे घालावे लागले. आणि हसताय तर माझ्यावर हसा, जोशीकाकांवर नको. त्या माणसाचा काही दोष नाही. गाढवपणा सगळा माझा, तोही चांगला शिकूनसवरून केलेला.

आम्ही बेने इस्रायली. म्हणजे ज्यू, पण अलिबागकडचे. घरात मराठी, जेवणात नारळ, आडनावाच्या शेवटी 'कर'. माझं अख्खं बालपण डोंबिवलीत गेलं. तिथे आमचा धर्म कसा, तर शुक्रवारी आई दिवा लावायची, मटणाबरोबर दही चालायचं नाही, आणि मलिद्याला पोहे-खोबरं-साखर कालवलं की आमचा प्रेषित एलियाहू हनबी खूश. एवढ्यावर आमच्या किती पिढ्या सुखाने गेल्या. मग मी धर्म शिकायचा ऑनलाइन क्लास लावला.

इथून सगळं बिघडलं.

क्लास चांगलाच होता हो. शिकवणारे गुरुजी तिकडे इस्रायलला बसून शिकवायचे, इकडे आम्ही आपापल्या घरी टोप्या घालून कॅमेऱ्यासमोर. पण काय होतं, पन्नाशीनंतर माणसाला ज्ञान झालं की ते अंगात मावत नाही. दोन महिन्यांत मी घरातल्या सगळ्यांच्या चुका काढायला लागलो. शनिवारी लिफ्ट बंद, फोन बंद, गॅस बंद. आमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. तेवढा वेळ बटण म्हणून दाबायचं नाही. आता राहतो त्या कोलशेतहून सिनेगॉगपर्यंत, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरापर्यंत, मी चालत जायला लागलो, आणि परत आल्यावर सात मजले जिन्याने. गुडघे बोंबलायचे, पण चेहऱ्यावर तेज.

"त्या बटणांवर चिकटपट्टी तरी लावा," रिबेका, म्हणजे आमची ही, म्हणालेली. "सगळे लावतात. सवयीने हात जातो."

"चिकटपट्टी लहान पोरांसाठी असते," मी म्हटलं. "मी क्लास केलाय."

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता खरी गोष्ट. आमच्या शेरॉनसाठी स्थळ आलं. आमच्यात स्थळ येणं म्हणजे काय, तुम्हाला कल्पना नाही. आम्ही उरलोच किती? निम्मी मुलं इस्रायलला, उरलेल्यांतली अर्धी नात्यात. त्यात हा डॅनियल, डोंबिवलीचा, मानपाडा रोडला घर, चांगली नोकरी, आणि मुख्य म्हणजे शेरॉनला आवडलेला. त्याचे आईवडील त्याला घेऊन शनिवारी जेवायला येणार होते. शनिवारी, आणि गाडीने! मला ते खुपलंच.

"त्यांना शिकवायला जाऊ नका," रिबेकाने बजावलं. "एका शब्दाने नाही. पोरीचं लग्न ठरतंय, तुमची परीक्षा नाही."

शेरॉन नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं मला. मी शब्द दिला की गप्प बसेन.

शनिवारी स्वयंपाक चालत नाही, म्हणून शुक्रवारीच मटण करून ठेवलं. नारळाच्या दुधातलं, आमच्या पद्धतीचं. पातेलं विजेच्या हॉटप्लेटवर. ही एकदा चालू करायची, की दुसऱ्या दिवशी जेवेपर्यंत अन्न गरम राहतं. चुलतभावाकडून मुद्दाम मागवलेली. रिबेकाने शुक्रवारी उजेड असतानाच चालू केली, मग मेणबत्त्या लावल्या, सगळं कसं शास्त्रोक्त.

शनिवारी सकाळी मी सिनेगॉगला जाऊन चालत परत आलेलो. पाय पाण्यात सोडून बसणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून रिबेकाची हाक आली. हाक कसली, किंकाळी.

मटण गार. जानेवारीची थंडी, रश्श्यावर चरबीचा पांढरा थर. हॉटप्लेटचं भिंतीवरचं बटण बंद.

"कुणी केलं हे?" मी गरजलो. रिबेका म्हणाली मी नाही, शेरॉन म्हणाली मी नाही. मी दोघींची उलटतपासणी घेतली. शब्बाथच्या दिवशी बटणाला हात लावणारी व्यक्ती या घरात कोण आहे, वगैरे. शेरॉन रडकुंडीला आली.

"मरो ते, मी चालू करते," रिबेका म्हणाली. मी बटणासमोर आडवा उभा राहिलो.

"पाहुणे अर्ध्या तासात येतील. दगड वाढू का त्यांच्यापुढे?"

"मार्ग आहे," मी म्हटलं. "क्लासमध्ये झालाय."

मार्ग असा: ज्यू नसलेल्या माणसाला 'हे कर' असं सांगायचं नाही. नुसतं सुचवायचं. म्हणजे 'इथे अंधार आहे हो' एवढं म्हणायचं, मग त्याला समजलं तर त्याचा तो दिवा लावेल. गुरुजींनी हे सांगताना पुढे बरंच काय काय सांगितलेलं, पण तेव्हा माझा नेट गेलेला.

मी समोरच्या जोशीकाकांची बेल वाजवणार होतो, पण तेही बटणच. म्हणून दारावर थापा मारल्या. जोशीकाका म्हणजे निवृत्त, शुद्ध शाकाहारी, शुद्ध मराठी. मनाने सोन्यासारखे. आठ वर्षं मी त्यांना ज्यू म्हणजे कोण ते सांगतोय, आठ वर्षं ते मला न चुकता मेरी ख्रिसमस म्हणतायत. हल्ली मी थँक्यू म्हणून मोकळा होतो.

दार उघडलं. मी म्हटलं, "जोशीकाका, आमच्याकडे मटण गार झालंय."

काकांनी चष्मा वर सारला. "बरं."

"अगदीच गार."

"अरेरे," ते म्हणाले. मटणाबद्दल याहून जास्त दुःख त्यांना होणं शक्य नव्हतं.

"पाहुणे येतायत."

"हं."

"आता समजा, एखादा माणूस सहज आमच्या स्वयंपाकघरात आला. आणि सहज त्याचं भिंतीकडे लक्ष गेलं…"

"ओल आली ना?" काका एकदम जागे झाले. "मी सेक्रेटरीला केव्हापासून सांगतोय. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करा म्हणून."

"ओल नाही हो. भिंतीवर… म्हणजे भिंतीवर जे असतं…"

"कॅलेंडर?"

"नाही. म्हणजे जे खाली-वर होतं…" मी बोटाने हवेत खाली-वर करून दाखवलं. तेवढ्यात मनात आलं, हे सुचवणं झालं की सांगणं? म्हणून बोट पटकन मुठीत लपवलं.

काका माझ्या मुठीकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "सॅमसनराव, काय ते सरळ बोला बरं."

"सरळ बोलता येत नाही."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून."

"अहो, मग डॉक्टरांना दाखवलंत का?"

"नको नको, डॉक्टर कशाला? संध्याकाळी तारे दिसले की येईल."

"तारे," काका म्हणाले. आणि मागे वळून ओरडले, "अगं, बाहेर ये लवकर! सॅमसनरावांची वाचा चाललीय!"

काकू बीपीचं मशीन घेऊनच आल्या. मी म्हटलं, "मशीन नको, आज शनिवार आहे." काकूंनी काकांकडे असं बघितलं, जसं आयसीयूच्या बाहेर बघतात. आणि मोबाईलवर येणारं आरोग्यज्ञान काकांना सगळं तोंडपाठ. त्यांनी मला पॅसेजमधल्या खुर्चीत दाबून बसवलं.

"हसून दाखवा."

काय करणार, हसलो. आता माझं हसू जन्मापासून वाकडं आहे. शाळेच्या फोटोतही वाकडंच आहे.

"डावी बाजू गेली," काकू म्हणाल्या.

"हात वर करा. दोन्ही. तसेच धरून ठेवा. आता साधं वाक्य बोला. काय पाहिजे तुम्हाला?"

"तेच तर बोलायचं नाहीये!" मी कळवळून म्हटलं.

काकांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावायला घेतला. आणि बरोबर तेव्हा लिफ्टचं दार उघडलं.

आत डॅनियल, त्याचे वडील, आणि हातात मिठाईचा बॉक्स घेतलेली त्याची आई. समोर मी. डोक्यावर टोपी, दोन्ही हात वर, तोंड वाकडं, आणि काकू माझ्या दंडाला पट्टा गुंडाळतायत. मागे दारात रिबेका आणि शेरॉन. शेरॉनने डोळे मिटून घेतले. बापामुळे मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडतंय हे मला त्या खुर्चीत, हात वर असताना, कळलं.

डॅनियलची आई शाळेत शिकवते. पोरांच्या थापा ऐकून तयार झालेल्या बाई. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रिबेकाकडे बघितलं आणि विचारलं, "शनिवार म्हणून बटण दाबायचं नाही, आणि शेजाऱ्यांना सांगायचंही नाही. असंच ना?"

मी मान हलवली.

"एवढंच?" जोशीकाका फोन खाली ठेवत म्हणाले. "अहो, मग सांगायचं ना."

ते आत गेले, नाकाला रुमाल लावून, पातेल्याकडे पाठ करून. बटण दाबलं आणि बाहेर आले. "मी काही बघितलं नाही हं," काकूंना म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. शब्द दिलेला मी. पण अंगातलं ज्ञान उसळलं. पाहुण्यांसमोर हॉलमध्ये उभा राहिलो आणि म्हटलं, "प्रश्न मटणाचा नाहीये. या घरात कुणीतरी शब्बाथ मोडलाय. आणि वर कबूलही करत नाहीये. आपल्या समाजाचं हेच झालंय, कुणाला शिकायचंच नाही."

सगळे खाली बघायला लागले. जोशीकाका मात्र दारातून म्हणाले, "पण बटण तर तुम्हीच बंद केलंत."

"मी?"

"सकाळी मी दुधाची पिशवी घेत होतो. तुम्ही बाहेर पडलात, पुन्हा आत गेलात, मग खटाखट बटणं बंद केल्याचा आवाज. आणि तुमचं ते रोजचंच, 'सगळं चालू ठेवा, बाप बसलाय बिल भरायला.' आठ वर्षं ऐकतोय मी."

खरंच की. डोंबिवलीच्या घरातली सवय. बाहेर पडताना नळ, गॅस, बटणं. आमचे वडील करायचे, मी करतो. हात माझा, आणि उलटतपासणी बायको-मुलीची.

डॅनियलची आई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग शेरॉनला जवळ बसवून म्हणाली, "मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त तुमचा क्लास तिच्याबरोबर पाठवू नका."

शेरॉन हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

रिबेकाने रविवारी घरातल्या सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली. क्लासमध्ये गुरुजींना मी भीत भीत विचारलं, की जीव धोक्यात आहे असं वाटून शेजाऱ्याने शनिवारी फोन लावला तर? ते म्हणाले, जीव वाचवायला सगळं माफ, तुमचा शेजारी मोठा धार्मिक माणूस आहे.

हे मी जोशीकाकांना सांगितलं, आणि तिथेच पुन्हा चुकलो. आता दर शनिवारी सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन माझी वाट बघत उभे असतात. मी दार उघडलं की म्हणतात, "सॅमसनराव, हसून दाखवा. आणि हात वर ठेवूनच बाहेर या, म्हणजे बटणांना लागणार नाहीत."