भाऊंचं ‘के रहेंगे’

भाऊ उत्तर देण्याआधी डोळे मिटून घ्यायचे. समोर ग्रामपंचायतीचा शिपाई असो की परदेशाचा राजदूत, प्रश्न कानावर पडला की पापण्या खाली. गावात हे खपून जायचं. पण भाऊ केंद्रात राज्यमंत्री झाले, परराष्ट्र आणि संरक्षण अशा दोन्ही खात्यांची संसदेतली उत्तरं त्यांच्या वाट्याला आली, आणि प्रश्नोत्तराच्या तासाला ते मिटलेले डोळे साऱ्या देशाला दिसू लागले. सीमेवर जवान जागतो आणि सभागृहात मंत्री झोपतो, असा विनोद मोबाइलवर फिरून माझ्याही भावानं मला पाठवला. मी भाऊंना स्पष्टच विचारलं. ते म्हणाले, “झोपत नाई, मॅडम. उत्तराले जरा सावली लागते. मी नदीवर जाऊन येतो.”

नदी म्हणजे वर्धा. पुलगावजवळच्या त्यांच्या गावाखालून ती जाते. हिवाळ्याच्या सकाळी पाण्यावर धुकं असतं, पुलावरून जाणारी गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. लहानपणी भाऊ तिथे म्हशी घेऊन बसायचे. गावाच्या दुसऱ्या अंगाला लष्कराच्या डेपोची तार. तारेपलीकडे काय आहे, असं त्यांनी वडिलांना विचारलं तर वडील म्हणाले होते, “ते इचारायचं नसते.” अशा गावचा मुलगा पुढे संरक्षणावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला उभा राहिला, याची भाऊंना स्वतःलाच फार गंमत वाटे.

मी हिंगणघाटच्या कॉलेजात हिंदी शिकवत होते. भाऊंनी मला दिल्लीला नेलं ते एकाच कामासाठी. “माही हिंदी सांभाळा,” ते म्हणाले. त्यांची हिंदी नागपूर स्टेशनावरची. भाजी घ्यायला आणि भांडायला पुरेशी. अधिकारी उत्तरं लिहायचे ती मात्र अशा हिंदीत, की वाचताना दात पडावेत. ती भाऊंच्या तोंडात बसेल इतकी सोपी करायची आणि भाऊंची वऱ्हाडी सभागृहाबाहेर ठेवायची, हे माझं काम. दुसरं जास्त अवघड होतं. आमच्याकडे ‘करतो आहे’ असं कोणी म्हणत नाही, ‘करून राह्यलो’ म्हणतात. त्यामुळे भाऊंची जीभ हिंदीतही ‘करते’ सोडून ‘कर के’कडे वळायची. मी रोज बजावायची, “भाऊ, ‘ते’ म्हणा, ‘के’ नाही.” ते डोळे मिटून म्हणायचे, “ध्यानात ठेवून राह्यलो.”

सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात सराव चाले. समोरच्या वाफ्यात, जिथे बाकीचे मंत्री गुलाब लावतात, तिथे भाऊंनी पऱ्हाटी लावली होती. बोंडं फुटली की थोडा कापूस वाऱ्यानं सुटून व्हरांड्यात यायचा आणि मला हिंगणघाटची आठवण होऊन जीव कासावीस व्हायचा. तिथे जिनिंगच्या, कापसातून सरकी काढण्याच्या दिवसांत अख्ख्या गावावर अशी पांढरी धूळ तरंगत असते. सरावाला विरोधी पक्ष म्हणजे वहिनी, भाऊंच्या पत्नी. त्या शेंगा सोलता सोलता असले पूरक प्रश्न विचारत की खात्याचे सहसचिव पाण्याचा ग्लास उचलत. एकदा त्यांनी शेजारी देशाबद्दलच्या प्रश्नाला जोडूनच विचारलं, रक्तदाबाची गोळी घेतली का? भाऊंनी डोळे मिटले आणि सरकारी उत्तराच्या सुरात सांगितलं, “प्रश्न उद्भवत नाई.”

परदेशी पाहुण्यांपुढे ते काजू-बदाम ठेवू देत नसत. वर्ध्याहून गोरसपाक बिस्किटांचे डबे येत. तो खुसखुशीत घास तोंडात विरघळत असताना कोणी कठोर बोलू शकत नाही, असा भाऊंचा सिद्धांत होता. निदान चहा संपेपर्यंत तो खरा ठरायचा.

अशातच जहाजाचा तारांकित प्रश्न आला. एका परक्या किनाऱ्यापाशी छोटं मालवाहू जहाज वादळात बेपत्ता झालं होतं. नौदलानं शोधलं, तिकडच्या सरकारनं शोधलं, हाती काही लागलं नव्हतं. खलाशांच्या नावांत एक नाव वाचून मी थबकले. गजानन, स्वयंपाकी, राहणार कारंजा (घाडगे). नागपूर-अमरावती रस्त्यावर त्याच्या आईचा ढाबा. भाऊ प्रचाराला जाता-येता तिथे जेवत. इंदूबाईंनी एकटीच्या बळावर चालवलेला ढाबा, मुलगा तिथेच भाज्या करायला शिकला आणि ज्या तालुक्यातून समुद्र सगळ्याच बाजूंनी दूर आहे, तिथून जहाजावर गेला. भाऊंनी ते नाव वाचलं आणि बराच वेळ नदीवर जाऊन आले.

उत्तर अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे सपाट लिहिलं होतं. शोध चालू आहे, माहिती गोळा करण्यात येत आहे. भाऊंनी ते सभागृहात नीट वाचलं. मग किनाऱ्याकडच्या एका सदस्यानं पूरक प्रश्न विचारला: हे असं किती दिवस चालणार? मंत्रीजी पुढे काय करणार आहेत? भाऊंनी डोळे मिटले. मी वर अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बसले होते. भाऊंना म्हणायचं होतं, ‘पता लगाते रहेंगे.’ शोधत राहू. बिनखर्चाचं, कशातच न अडकणारं वाक्य. भाऊंनी डोळे उघडले आणि म्हणाले, “अध्यक्ष महोदय, हम पता लगा के रहेंगे.”

शोधल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही बाजूंची बाकं वाजली. शेजारी बसलेल्या सहसचिवांचा चेहरा उतरला. भाऊ मात्र बाकं का वाजतात ते न कळून, लग्नात चुकून पहिल्या पंगतीला बसवलेल्या माणसासारखे इकडेतिकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. सहसचिव म्हणाले, मंत्र्यानं सभागृहात असं काही म्हटलं की ते आश्वासन ठरतं, आणि आश्वासनांच्या मागे लागणारी एक समिती असते. मात्र बोलण्यात चूक झाली तर मंत्र्याला दुरुस्तीचं निवेदन करता येतं. मसुदा तयार झाला, मी त्याची हिंदी सोपी केली. पुढच्या आठवड्यात भाऊंनी तो वाचायचा होता. भाऊ एवढंच म्हणाले, की त्याआधी इंदूबाईला आपण स्वतः सांगून येऊ. तिला ते टीव्हीवरून कळू नये.

शनिवारी आम्ही कारंज्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते, मागच्या संत्र्याच्या बागेतून गोडसर वास येत होता. इंदूबाईंनी बाज झटकून टाकली, पाणी दिलं आणि न विचारताच ताटं वाढली. भाऊ घास हातात धरून बसले. मी बघितलं, त्यांना सुरुवात सापडत नव्हती. तेवढ्यात त्याच बोलू लागल्या.

“गजूची खबर आली तवापासून मी ढाबा बंद ठेवलता,” त्या म्हणाल्या. “ज्याले त्याले इचारलं. सगळे म्हनत, पाहू, करू. भाऊ, तुमी पयलेच, जे म्हनले पता लगा के रहेंगे. एका डायव्हरनं मले मोबाइलवर दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली.”

भाऊंनी डोळे मिटले. या वेळी ते इतके दूर गेले, की मला भीती वाटली. रस्त्यावरून एक लांबलचक ट्रेलर गेला, त्याची घरघर पार विरून गेली, तरी डोळे मिटलेलेच. मग ते म्हणाले, “भाजी चांगली झाली, बाई.” आणि जेवले. निघताना इंदूबाईंनी विचारलं, समुद्र कसा असतो? भाऊ थोडा विचार करून म्हणाले, “पऱ्हाटी फुटल्यावर वाऱ्यानं वावर हालते ना, तसा. फक्त बांध नसते.”

गाडीत मी निवेदनाचा विषय काढला. भाऊ म्हणाले, राहू द्या ते. मी म्हटलं, भाऊ, ती चूक होती, तुम्हाला तसं म्हणायचंच नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “दिल्लीत चूक होती, मॅडम. त्या बाईच्या चुलीपाशी ते खरं झालं. आता काऊन खोडायचं?”

मसुदा माझ्याच पिशवीत राहिला. सहसचिव रागावले, समितीची पत्रं येऊ लागली. भाऊंनी त्या किनाऱ्याकडच्या प्रत्येक राजदूताला चहाला बोलावून गोरसपाक खाऊ घातला आणि शेवटी हळूच जहाजाचं विचारलं. आपल्या तिथल्या वकिलातीतल्या एका तरुण अधिकाऱ्याला तर ते इतक्या वेळा फोन करत, की त्याला कारंजा (घाडगे) आणि कारंजा (लाड) यांतला फरक पाठ झाला होता. मग मंत्रिमंडळात फेरबदल झाला आणि भाऊंचं पद गेलं. तेव्हा ते मागच्या बाकावरून नव्या मंत्र्याला तोच प्रश्न विचारू लागले. नवे मंत्री म्हणाले, माहिती गोळा करण्यात येत आहे. भाऊ संध्याकाळी व्हरांड्यात हे सांगून खूप हसले. पुढच्या निवडणुकीत ते पडले. आम्ही सगळे आपापल्या गावी परतलो, मी माझ्या वर्गात, भाऊ त्यांच्या नदीवर. फोन मात्र ते करतच राहिले, स्वतःच्या पैशानं.

उत्तर आलं ते एका डब्यानं. तिकडच्या कोळ्यांना खडकांत अडकलेला जहाजाचा तुटका भाग सापडला. त्यात स्वयंपाकघराचं सामान होतं, आणि एक स्टीलचा मसाल्याचा डबा. आपल्याकडे बायका भांड्यांवर नाव घालून घेतात. इंदूबाईंनीही मुलाला देताना डब्यावर नाव घातलं होतं. तिथल्या कोणाला ती लिपी वाचता येईना. फोटो वकिलातीत गेला, आणि त्या तरुण अधिकाऱ्यानं झाकणावरची ठिपक्यांची अक्षरं वाचली: गजू, कारंजा (घा.). त्यानं पहिला फोन खात्याला नाही, भाऊंना केला. जहाजावरचं कोणी जिवंत राहिलं नव्हतं, हेही त्यानं सांगितलं. काही दिवसांनी डबा भाऊंकडे आला.

भाऊंचं हृदय तोवर थकलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. डबा टपालानं पाठवता येईल, वहिनी म्हणाल्या. भाऊ चपला घालत होते. “प्रश्न उद्भवत नाई,” ते म्हणाले. मला त्यांनी बोलावून घेतलं, कारण तिथे नेमकं काय बोलायचं ते त्यांना कोणत्याच भाषेत सुचत नव्हतं.

इंदूबाई कणीक मळत होत्या. भाऊंनी डबा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पिठाच्या हातानंच तो उचलला, अक्षरांवरून बोट फिरवलं, झाकण उघडून वास घेतला. वास काही राहिला नव्हता. मग त्या तो पोटाशी धरून चुलीपाशी बसल्या आणि आम्ही बाजेवर बसून राहिलो. ट्रकवाले येत, बघत आणि परत जात.

“मी आनून देईन म्हनलं नवतं, बाई,” भाऊ शेवटी म्हणाले. “तेवढं म्हनाले पाह्यजे होतं.”

इंदूबाईंनी मान हलवली. “तुमी जे म्हनलं ते केलं,” त्या म्हणाल्या. “रोज सांजच्याले मी एक ताट झाकून ठेवत होती. आज त्याच्या नावानं वाढीन.” आणि डबा चुलीशेजारी ठेवून, “बसा. जेवूनच जाजा.”

आम्ही जेवलो.

त्याच वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, भाऊ गेले. वहिनी सांगतात, सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, वहिनींनी विचारलं, चहा ठेवू का? भाऊंनी डोळे मिटले. उत्तराला उशीर होतो हे वहिनींना सवयीचं होतं, म्हणून त्यांनी चहा ठेवला. मला भाऊंची आठवण फार येते. हिंगणघाटात जिनिंग सुरू झालं आणि कापसाचा तंतू खिडकीतून येऊन टेबलावर बसला, की मला वाटतं आता कोणीतरी म्हणेल, मॅडम, पूरक विचारा.

कॉलेजात मुलं अजून तीच चूक करतात. परवा एका मुलीच्या वहीत वाक्य आलं, ‘मैं अपने भाई को ढूँढ के रहूँगी.’ तिला ‘ढूँढती रहूँगी’ म्हणायचं होतं, हे मला लगेच कळलं. आयुष्यभर मी याच ‘के’वर तांबडी रेघ मारत आले आहे. पेन उचललं आणि हात तिथेच थांबला. मुलगी टेबलापाशी उभी होती. “मॅडम, हे चूक हाये का?” तिनं विचारलं.

मी डोळे मिटून घेतले. पाण्यावर धुकं होतं. पुलावरून गाडी चालली होती, दिसत नव्हती.

“परीक्षेत चूक आहे,” मी म्हटलं.