बारा होड्यांची पाटी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, ताडपत्र्या शिवतात. जिन्याखाली दुकान आहे. आत एक जाड सुईचं मशीन, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि बसायला एक पत्र्याचं पिंप. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून तीस वर्षं ते तिथे वाकून वावरतात आणि बाहेर आल्यावर सरळ व्हायचं विसरतात. ताई म्हणते, "यांचं रस्त्यात काहीतरी पडलंय असंच लोकांना वाटतं."

पण वर्षातून सात दिवस चोवीस माणसं या वाकलेल्या माणसाच्या शब्दावर उठतात-बसतात. बावीस वर्षांपूर्वी लोकांची फाटकी शिडं शिवता शिवता दाजींना शिडाच्या होड्यांचाच नाद लागला. दोन माणसं मावतील एवढ्या बारा जुन्या होड्या हळूहळू जमल्या, तेवढीच नादिष्ट माणसं जमली, आणि उन्हाळ्याच्या शेवटी आठवडाभर बेटांवर जायचा पायंडा पडला. एका बेटावर तंबू ठोकायचे, दिवसभर आसपासच्या बेटांमधून होड्या हाकायच्या आणि संध्याकाळी परत यायचं. यात टपाल खात्यातले दोघे आहेत, एक चष्म्याचं दुकान चालवणारा आहे, शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाई आहेत. कोर्टात टायपिस्ट असलेल्या दोन बहिणी आहेत. त्या कधी वेगळ्या दिसत नाहीत, म्हणून त्यांना सगळे 'जोडाक्षर' म्हणतात.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. पाणी मला बादलीत असलेलं आवडतं. तरी यंदा गेलो, कारण ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिने मला कोंडीतच पकडलं.

"तू जा त्यांच्याबरोबर. साखर वाढलीय त्यांची. संध्याकाळची गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर हातपाय थरथरायला लागतात. आणि ते तिथे वेळेवर जेवत नाहीत."

"का? भूक लागत नाही?"

"पाटी भरल्याशिवाय जेवायचं नाही, असा नेम आहे. त्यांनीच केलेला. कोण सांगणार त्यांना?"

ही पाटी म्हणजे प्लायवुडचा तुकडा. त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा, एकीवर 'बाहेर' लिहिलेलं, दुसरीवर 'आत'. प्रत्येक होडीचा आकडा रंगवलेला एक लाकडी बिल्ला. पाण्यात जाताना आपला बिल्ला 'बाहेर' टांगायचा, किनाऱ्याला लागलं की 'आत'. आपला बिल्ला आपल्याच हाताने हलवायचा, दुसऱ्याचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. बारा बिल्ले 'आत' आले की दाजी ताटावर बसायचे. बावीस वर्षांत एक होडी रात्री बाहेर राहिली नव्हती, आणि याचा त्यांना किती अभिमान होता ते मला जातानाच कळलं.

आम्हाला बेटावर सोडणाऱ्या लाँचमध्ये ते माझ्याशेजारी बसले होते. मी डोळे मिटून पोट सांभाळत होतो. ते म्हणाले, "यंदाचं शेवटचं. तीन वर्षं बाईंना म्हणतोय, पाटी तुम्ही घ्या. त्या म्हणतात, तुमच्याशिवाय कसं होईल? सगळेच म्हणतात. पण मला आता होत नाही रे. शेवटच्या दिवशी, शनिवारी, सगळ्यांसमोर पाटी त्यांच्या हातात द्यायची. एकही डाग नसलेली. मग त्यांना नाही म्हणता येणार नाही."

आठवडा कसा गेला विचारू नका. मला स्वयंपाकाला लावलं, कारण मी होडीत निरुपयोगी. बटाटे सोलून बोटं सुजली. वाळू अंथरुणात, वाळू भातात, वाळू कानात. पण मी निदान दुपारी आडवा व्हायचो. दाजी पहाटे उठून वारा बघायचे, कुणाची दोरी कुजली, कुणाचं सुकाणू सैल झालं ते बघायचे, कुणाचा तंबू गळतो म्हणून ठिगळ लावायचे. उत्साही माणसांचा उत्साह सांभाळण्याइतकं दमवणारं काम नाही. आणि 'दाजी, जरा बघता का?' हे वाक्य चोवीस तोंडांतून ऐकलं की मलाच धाप लागायची. ते मात्र प्रत्येक वेळी उठायचे. उठताना गुडघ्यावर हात ठेवायचे, आणि दिवसागणिक तो हात तिथे जास्त वेळ राहायला लागला.

संध्याकाळी गोळी घ्यायचे आणि पाटीशेजारी उभे राहायचे. मी ताट घेऊन मागे. "दोन घास तरी खा." "येतील इतक्यात." शेवटची होडी नेहमी नऊ नंबरचीच, जोडाक्षराची. त्या बहिणींना परतायच्या वेळीच एखादं बेट आवडायचं. चौथ्या दिवशी दाजींच्या हातातलं पाण्याचं भांडं इतकं हललं की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. मला त्या बहिणींचा असा राग आला की बोलता सोय नाही.

पाचव्या दिवशी अकरा बिल्ले 'आत' होते. दाजींनी गोळी घेतली आणि ते टपालवाल्याचं लाइफ जॅकेट शिवायला वळले, कारण त्यानेही 'जरा बघता का' म्हटलं होतं. मी समुद्राकडे बघितलं. पलीकडच्या बेटाच्या टोकाशी विटकरी रंगाचं शीड दिसलं. नऊ नंबरचं शीड विटकरीच होतं. म्हटलं, आल्याच की. दहा मिनिटांचा तर प्रश्न. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच. मी नऊचा बिल्ला उचलला आणि 'आत' टांगला.

दाजी वळले. पाटी बघितली. मग क्षणभर किनाऱ्याकडे बघितलं, जिथे होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. मग परत पाटीकडे. आणि ताटावर येऊन बसले. सहाच्या आत जेवले, दोनदा भात घेतला, आणि तंबूच्या खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपले. मला इतकं समाधान वाटलं की मी ताईला मनातल्या मनात बढाया मारल्या.

भांडी आवरताना भूमितीच्या बाई म्हणाल्या, "दोन ताटं का उरली?"

किनाऱ्यावर गेलो तर नऊ नंबर नाही. ते विटकरी शीड कुणातरी परक्या प्रवाशाचं होतं आणि ते केव्हाच दुसरीकडे निघून गेलं होतं. दिवस मावळायला आला होता, वारा पडला होता.

दाजींना उठवलं. ते एका दमात उठले, गुडघ्यावर हात न ठेवता. आमच्याकडे इंजिनाची एकच बोट. त्यात ते आणि बाई बसले आणि निघाले. मागे आम्ही वीस-बावीस माणसं नुसती उभी. कुणीतरी म्हणालं, "पाटी तर भरलेली होती." मी तोंड उघडलं. आणि मिटलं. मला वाटलं, आधी सापडू देत, मग सांगू.

सापडल्या. दोन बेटांच्या मधे ओहोटीने पाणी उतरलं होतं आणि होडी चिखलात रुतून बसली होती. कमरेपर्यंत चिखलात उतरून ढकलताना धाकटीचं मनगट मुरगळलं होतं. परत आल्या तेव्हा दोघींचे ओठ निळे पडले होते. थोरलीला धड बोलता येत नव्हतं. शिट्टी फुंकून फुंकून घसा बसला होता. ती एवढंच म्हणाली, "आम्ही आलो नाही हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही?"

दाजी पुढे आले. "पाटी माझ्याकडे आहे. चूक माझी."

आत्ता बोल, असं मी स्वतःला सांगितलं. चांगला पन्नाशीचा माणूस मी, पण सगळ्यांच्या मागेच उभा राहिलो. तेवढ्यात बाईच बोलल्या, अगदी मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तशा. "दाजी, तुम्ही दमलात आता. उद्यापासून पाटी मी बघते. तुम्ही आराम करा."

तीन वर्षं जे मागून मिळत नव्हतं ते अर्ध्या मिनिटात मिळालं. 'तुमच्याशिवाय कसं होईल' असं एकही तोंड म्हणालं नाही. टपालवाल्याने पुढे होऊन पाटी उचलली आणि बाईंच्या तंबूशी नेऊन ठेवली. बाईंचं काही चुकलं नव्हतं, पण मला त्या सगळ्यांचा संताप आला. स्वतःचा आला त्याच्या निम्माही नाही, हेही सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी 'जरा बघता का' म्हटलं नाही. लोक दाजींना वळसा घालून जात होते, चहा आणून देत होते, सावलीत बसा म्हणत होते. ते एका दगडावर एक फाटकं शीड मांडीवर घेऊन बसले होते. शिवत नव्हते. मी शेजारी जाऊन बसलो आणि एकदाचं सांगितलं.

"दाजी, बिल्ला मी टांगला. मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगतो."

"माहीत आहे मला. उलटा टांगला होतास. आकडा पाटीकडे, कोरी बाजू समोर. आमच्यातलं कुणी असा टांगत नाही."

"मग काल तुम्ही का स्वतःवर घेतलं? मला सांभाळायला? मी काय लहान आहे?"

"तुला कशाला सांभाळू?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. "किनाऱ्यावर होड्या अकरा होत्या. मी मोजल्या होत्या."

मला आधी अर्थच लागला नाही. मग ते आठवलं, पाटीवरून किनाऱ्याकडे गेलेली आणि परत आलेली त्यांची नजर.

"अकरा दिसल्या," ते म्हणाले, "आणि पाटी बारा म्हणत होती. बिल्ला उलटा आहे हेही दिसलं. आणखी एकदा मोजायचं, तुला हाक मारायची, बास. एवढंच करायचं होतं. बावीस वर्षं तेच केलं." मांडीवरचं शीड त्यांनी उगीचच नीट केलं. "पण मी म्हटलं, बरं झालं, भरली एकदाची. मला खाली बसायचं होतं रे."