तिसऱ्या कडव्याची घडी

धाकट्या बहिणीला आता माफ कर, असं इस्त्रीच्या दुकानातल्या ताईला सगळ्या नातेवाइकांनी सांगून पाहिलं. ताई ऐकून घ्यायची आणि समोरच्या शर्टावर असा काही राग काढायची, की सांगणारा आपले कपडे उचलून चालता व्हायचा.

राग वाजवीच होता हो. 'कॉलर ताठ' हे गाणं ताईचं. शब्द तिचे, चाल तिची, ठेका तर इस्त्री टेबलावर टेकवण्याचा. धाकटी, म्हणजे छोटी, दुकानात घड्या घालता घालता ते शिकली आणि एका बँडबरोबर जाऊन परस्पर रेकॉर्ड करून आली. कव्हरवर गीत, संगीत, आवाज, सगळं छोटीचंच. तिसऱ्या कडव्याच्या जागी नुसतं 'ला ला ला'.

"ऐन वेळी विसरले गं," छोटी म्हणाली होती.

विसरते कसली! तिसऱ्या कडव्यात ताईनं आपली खूण घातली होती:

'सुरकुती पडली मनाला, तर ये पुन्हा फिरून,
इस्त्रीवालीनं दिलंय गाणं, घडी नीट करून.'

हे गायलं असतं तर गाणं कोणाचं ते जगाला कळलं असतं.

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. मग एका लग्नाच्या बँडनं ते ट्रंपेट लावून वाजवलं, कॉलेजच्या पोरांनी गिटारी बडवत म्हटलं, आणखी कोणी इतकं संथ केलं की जांभई यावी. 'ला ला ला' मात्र सगळ्यांनी जसंच्या तसं उचललं. रेडिओवर ते लागलं की ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट त्यापायी करपला.

आणि मग ते सगळे बँड एकाच स्टेजवर हे गाणं गाणार, असा कार्यक्रम ठरला. छोटीनं मोठ्या मनाचा आव आणून ताईला पास पाठवला. ताई गेली. पहिल्या रांगेत बसली.

'ला ला ला' आलं की माइक लोकांपुढे धरायची छोटीला सवय. त्या दिवशी ती खाली उतरली, "ही माझी ताई बरं का," म्हणाली आणि माइक थेट ताईच्या तोंडाशी धरला. तेवढंच तर ताईला हवं होतं.

ताई गायली, "सुरकुती पडली मनाला, तर ये पुन्हा फिरून..."

आणि थांबली. मुद्दाम थांबली. लहानपणापासून छोटीचं एक होतं. अर्धवट सोडलेली ओळ तिला सहन व्हायची नाही. दुकानात ताई तिची खोड काढायला अशीच मध्ये थांबायची आणि ही खालमानेनं घड्या घालता घालता ओळ पुरी करायची.

वादकही थांबले. ताई तिच्याकडे बघत राहिली. छोटीचे ओठ हलले. माइक दोघींच्या मध्येच होता.

"इस्त्रीवालीनं दिलंय गाणं, घडी नीट करून," छोटी सबंध हॉलभर गायली आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. चेहरा खर्रकन उतरला.

ताईला इतकं बरं वाटलं की काय सांगावं. तिनं माइक हळूच आपल्याकडे ओढला.

"विसरली होतीस ना गं?" तिनं विचारलं.