मेनिफोल्डला रंग, गावाला घोर

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा, पण आमच्या ताईसमोर विषय काढू नका. तिच्या लग्नाच्या सकाळी मी जे केलं, ते वैऱ्यानेही केलं नसतं!

ताईचा एकच हट्ट होता. मांडवात जाईन तर बाबांच्या जुन्या फियाटमधूनच. बाबांनी गाडी माझ्यावर सोपवली. मी नुकतीच पदवीधर, त्यात ग्राहक-हक्कांवर भाषणं ठोकणारी, कशाकशाविरुद्ध सह्या गोळा करणारी. मेकॅनिक म्हटला की तो फसवणारच, हे मला पाठ!

गाडीचा मेनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा नळ, गंजला होता, पापुद्रे सुटले होते. त्याला उष्णता सोसणारा रंग हवा होता. भिकू मेस्त, म्हणजे आमचे मेकॅनिक, मूळचे सावंतवाडीकडचे, डिचोलीत गॅरेज. त्यांनी डबा काढला. उघडा! लेबलावर रंग सांडलेला! का बरं? काय लपवायचं होतं?

"रंग मीच लावणार," मी म्हटलं.

"लाव गो बाये. पण पातळ लाव हां."

पातळ? म्हणजे यांचा रंग वाचणार! मी तारेच्या ब्रशाने गंज घासला आणि चांगले चार जाड हात दिले. मेस्त नुसते बघत राहिले. तेही मला संशयास्पदच वाटलं.

दुसऱ्या दिवशी नखाने खरवडून पाहिलं, तर रंग निघाला! सापडला चोर!

"मेस्त, हा रंग बनावट आहे."

"अगो, भाजल्याबगर मडकां तरी घट्ट होता काय? इंजिन धा मिनटां चालू ठेव, थंड कर. असा तीन खेपे. पयलो धूर येतलो, घाबरू नको."

धूर येणार हे आधीच सांगून ठेवतात! उद्या काही झालं की हे हात वर करायला मोकळे. आणि तीन वेळा इंजिन कशाला? माझं पेट्रोल जाळायला? मी पोरांकडून गाडी ढकलत तडक घरी आणली आणि झाकून ठेवली. भाजणं वगैरे काही नाही.

लग्नाची सकाळ. मुळगावला जायचं, मुहूर्त जवळ आलेला. ताई नटून मागे बसली. मी गाडी सुरू केली आणि आबाकाका नारळ घेऊन समोर उभे राहिले. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे नवरी हलते होय? बॅटरी जुनी, म्हणून बाबा म्हणाले, "इंजिन बंद करू नको."

आबाकाकांचं गाऱ्हाणं म्हणजे चारी दिशांचे देव, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, कुणी सुटत नाही.

"वाटेत कसलाही विघ्न येवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

आणि बॉनेटखालून भसाभसा धूर!

"आग! आग!" ताई दार उघडून बाहेर.

"बघा! सांगत होते ना, बनावट रंग!" मी ओरडले. खरं सांगू? भीतीपेक्षा मला आनंदच जास्त झाला होता. मी बॉनेट उचललं आणि गाऱ्हाण्यासाठी ठेवलेली पाण्याची कळशी उचलली.

लग्नाला आलेले मेस्त फाटकातूनच धावले. "अगो पाणी नको! रंग भाजता तो! पाणी नको!"

पण मी ऐकते थोडीच!

टण्ण!

कडकडीत तापलेलं बीड ते. आरपार चिरलं. धूर थांबला, आणि चिरेतून इंजिनाचा धडधड आवाज सुरू झाला!

"आता?" बाबांनी घड्याळ पाहिलं. ताईच्या डोळ्यांत पाणी.

मेस्तांनी वाकून पाहिलं. "मुळगावाक पोचात. पण गुपचूप नाय पोचूची."

मग काय, निघालो. खनिजाचे दहा ट्रक एका रांगेत चढ चढावेत, अशी आमची नवरी धडधडत चालली. मुळगावच्या वेशीवर चार माणसं हात आडवे करून रस्त्यात उभी. मी ब्रेक दाबला. एक बिनचष्म्याचे म्हातारबाबा, आवाजावरून ट्रकच समजून, तरातरा खिडकीशी आले.

"लाज नाय? लग्नाच्या दिवसा ट्रक चलयतात..." मग त्यांना मागे नवरी दिसली. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाये, ट्रकांच्या आवाजाविरुद्ध सह्या घेवक दारोदार फिरत हुती, ती तूच मगे?"

ताई मागून म्हणाली, "तीच ती. पहिली सही हिचीच."